विसाव्याची किंमत

प्रवास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे रस्ता येतो, गाडी येते, तिकीट येते. पण नीट हिशेब केला तर प्रवासाचा निम्मा वेळ जाण्यात जात नाही, थांबण्यात जातो. एस.टी. कधी लागते याची वाट पाहणे, क्रॉसिंगसाठी उभ्या असलेल्या गाडीत बसून राहणे, पहाटेच्या गाडीसाठी रात्रभर स्टेशनवर पडून राहणे, हे सगळे प्रवासातच येते. म्हणून आपल्या भाषेत थांबण्याच्या जागांना शब्द किती आहेत पाहा. पालखीच्या वाटेवर दुपारचा विसावा असतो आणि रात्रीचा मुक्काम. गावात पार असतो, देवळाला ओवरी असते. धर्मशाळा असते, सराई असते, मुसाफिरखाना असतो. यातला मुक्काम अरबीतून आला, सराई फारसीतून आणि धर्मशाळा संस्कृतातून. थकलेल्या माणसाला मात्र शब्द कुठून आला याच्याशी काही देणेघेणे नसते. त्याला टेकायला जागा हवी असते.

अलीकडे या यादीत एका शब्दाची भर पडली आहे, तो म्हणजे लाउंज. विमानतळावर पैसे देऊन बसायची खोली. ही खोली काय असते, तिथे पैसे मोजावेत की नाही, आणि मुळात विसाव्याला किंमत कधीपासून लागली, याबद्दल आज तुमच्याशी बोलायचे आहे.

मी जांब समर्थचा. जालना जिल्ह्यातल्या घनसावंगी तालुक्यातले हे गाव समर्थ रामदासांचे जन्मस्थान म्हणून महाराष्ट्राला माहीत आहे. १६०८ साली रामनवमीला सूर्याजीपंत ठोसर आणि राणूबाई यांच्या पोटी नारायणाचा जन्म इथे झाला. बाराव्या वर्षी लग्नाच्या मांडवातून तो निघून गेला, नाशिकजवळ टाकळीला बारा वर्षे राहिला आणि पुढची बारा वर्षे देशभर पायी हिंडला, असे परंपरा सांगते. खिशात पैसा नसताना बारा वर्षे चालायचे, तर रोजची संध्याकाळ कुठे घालवायची हा प्रश्न रोज पडणार. त्या काळी अशा फिरस्त्याला देवळाची ओवरी, नदीचा घाट, एखाद्या गृहस्थाची ओसरी आणि भिक्षेची झोळी यांचाच आधार असे. पुढे समर्थांनी ठिकठिकाणी मठ उभे केले. आलेल्या-गेलेल्याला अन्न आणि आसरा हे मठाचे एक कामच होते.

आमच्या गावी रामनवमीला यात्रा भरते. चैत्राचे ऊन मराठवाड्यात कसे असते, ते सांगायला नको. माझी दादी त्या दिवसांत दारापुढे पाण्याचा रांजण भरून ठेवायची. येणारे-जाणारे पाणी प्यायचे. काही जण आधी घर कोणाचे ते विचारायचे आणि पुढे जायचे. बरेचसे आधी पाणी प्यायचे आणि मग विचारायचे. दादीला दोन्हींचे काही वाटत नसे. ती संध्याकाळी रांजण पाहायची, रिकामा झाला असेल तर खूश व्हायची. विसाव्याच्या इतिहासात हे ‘आधी विचारणे’ आणि ‘मग विचारणे’ फार महत्त्वाचे आहे. त्याकडे मी पुन्हा येणार आहे.

आता लाउंजकडे वळू. गेल्या वर्षी मी आणि माझी पत्नी मुलाकडून परत येत होतो. एका मोठ्या विमानतळावर विमान बदलायचे होते. तिथे कळले की पुढचे विमान चार तास उशिरा आहे. पत्नीचे गुडघे दुखतात. दारापाशी सगळ्या खुर्च्या भरलेल्या, आणि ज्या होत्या त्या लोखंडी, मध्ये हात असलेल्या, म्हणजे पाय पसरायची सोय नाही. समोर काचेचे दार आणि त्यावर ‘लाउंज’ अशी पाटी. मी चौकशीला गेलो. टेबलामागच्या मुलीने नम्रपणे विचारले, “सर, कार्ड है क्या?” कार्ड म्हणजे बँकेचे विशिष्ट कार्ड. माझ्या पुढच्या तरुणाने ते दाखवले, त्याच्या खात्यातून दोन रुपये वळते झाले आणि तो आत गेला. माझ्याकडे पेन्शनच्या खात्याचे साधे कार्ड. मला दर सांगितला माणशी चौदाशे रुपये, मुदत तीन तास. एकाच खोलीत शिरण्यासाठी एकाला दोन रुपये आणि दुसऱ्याला चौदाशे.

मी बाजूला येऊन हिशेब मांडला. बाहेर चहा एकशे ऐंशी रुपये. दोघांचे दोन वेळचे चहा धरले तर सातशे वीस. दोघांचे खाणे सातशेच्या आसपास. म्हणजे बाहेर बसलो तरी चौदाशे जाणारच होते, आत गेलो तर अठ्ठावीसशे. आत खाणे-पिणे त्या दरातच होते. तेव्हा खरा प्रश्न चौदाशे रुपयांचा राहिला. हे चौदाशे खाण्याचे नव्हते. ते मऊ खुर्चीचे, स्वच्छ मोरीचे आणि शांततेचे होते. या तीन गोष्टींसाठी दोन माणसांनी तीन तासांचे चौदाशे द्यावेत का? काय केले ते सांगतोच. पण त्याआधी थोडे मागे जाऊ, कारण हा प्रश्न आपल्याआधी पुष्कळांना पडून गेला आहे.

शेरशाह सूरीने १५४० ते १५४५ एवढ्या थोड्या काळात राज्य केले, पण त्याच्या सराया इतिहासात अमर झाल्या. दर दोन कोसांवर एक सराई, अशा सतराशे सराया त्याने बांधल्याचे अब्बास खान सरवानी लिहितो. तिथे हिंदू आणि मुसलमान प्रवाशांसाठी राहण्याची, पाण्याची आणि स्वयंपाकाची वेगवेगळी सोय होती. घोड्यालाही चारा मिळे. प्रवाशाला शिधा मिळे, पण तो त्याच्या दर्जाप्रमाणे. सराई फुकट होती, पण तुम्ही कोण हे तिथे विचारले जात होते. पुढे मोगलांनी दख्खनच्या वाटेवरही सराया बांधल्या. अजिंठ्याची लेणी पाहायला जाणाऱ्यांना फर्दापूरची सराई माहीत असेल. बऱ्हाणपूरहून औरंगाबादेकडे येणारे काफिले तिथे उतरत. दोन शतकांनंतर अहल्याबाई होळकरांनी काशीपासून रामेश्वरापर्यंत घाट, विहिरी, अन्नछत्रे, धर्मशाळा उभारल्या. प्रवाशाची सोय करणे हे राजाच्या पुण्याचे काम समजले जाई. त्यातून उत्पन्न काढावे असे फारसे कोणाच्या मनात येत नसे.

आमच्या मराठवाड्यातले माझे आवडते उदाहरण छत्रपती संभाजीनगरातले, म्हणजे जुन्या औरंगाबादेतले आहे. पाणचक्की पाहायला आपण शाळेच्या सहलीला गेलेलो असतो. पाण्यावर चालणारे जाते म्हणून ती पाहतो आणि परत येतो. पण ते जाते कोणासाठी फिरत होते? बुखाऱ्याजवळच्या प्रदेशातून आलेले बाबा शाह मुसाफिर हे नक्षबंदी परंपरेचे संत तिथे राहिले. त्यांच्या नावातच मुसाफिर आहे. त्यांच्या तक्त्यावर, म्हणजे तकियावर, मध्य आशियातून दख्खनेत नशीब काढायला आलेले शिपाई, फकीर, यात्रेकरू उतरत. अठराव्या शतकात, १७४४ च्या सुमारास तुर्कताजखान या सरदाराने तिथली चक्की पुरी केली. हर्सूलच्या बाजूच्या डोंगरातले पाणी जमिनीखालच्या नहरीतून कित्येक मैल आणले, उंचावरून खाली सोडले आणि त्या जोरावर जाते फिरवले. त्यात फकिरांच्या आणि प्रवाशांच्या भाकरीचे पीठ दळले जाई.

तिथे आणखी एक गोष्ट आहे. अंगणात मोठा हौद आहे आणि त्या हौदाचा तळ हेच खालच्या प्रशस्त दालनाचे छत आहे. डोक्यावर पाणी भरलेले, म्हणून उन्हाळ्यातही दालन थंड. विजेशिवाय थंड केलेली, खाण्यापिण्याची सोय असलेली ही प्रवाशांची जागा. आजच्या भाषेत सांगायचे तर लाउंजच. फरक इतकाच की दारात पैसे मागणारे टेबल नव्हते. खर्च कोणी करत नव्हते असे नाही. खर्च सरदार-दरकदारांच्या दानातून आणि इनामांतून चाले. म्हणजे फुकट काहीच नसते. कोणीतरी देतच असतो. देणारा दुसरा असला की घेणाऱ्याला ते फुकट वाटते.

इथवर ऐकून तुम्ही म्हणाल, जुना काळ किती चांगला होता. तसे म्हणण्याआधी जरा थांबू या. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या काही आठवणी इंग्रजीत लिहून ठेवल्या. त्यांच्या शीर्षकातच वाट पाहणे आहे, ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’. १९०१ सालची गोष्ट. वडिलांना भेटायला निघालेला लहानगा भीमराव भाऊ आणि भाच्यांसह सातारा जिल्ह्यातल्या मसूर स्टेशनवर उतरला. न्यायला कोणी आले नव्हते. चांगले कपडे घातलेली मुले पाहून स्टेशनमास्तरांनी विचारपूस केली. मुलांनी जात सांगितली आणि त्यांचा चेहराच बदलला. बाहेर बैलगाड्या उभ्या होत्या. मुले दुप्पट भाडे द्यायला तयार होती, तरी कोणी गाडीत घेईना. शेवटी एक गाडीवान तयार झाला, तोही या अटीवर की गाडी मुलांनी हाकायची आणि तो बाजूने चालणार. भाडे दुप्पटच. आणि पुढे रात्रभर त्या मुलांना प्यायला पाणी मिळाले नाही.

दुसरी आठवण आमच्याच भागातली, १९३४ सालची. वेरूळची लेणी पाहायला निघालेले बाबासाहेब आणि त्यांचे सहकारी वाटेत दौलताबादचा किल्ला पाहायला थांबले. प्रवासाने धुळीत माखलेले होते, म्हणून त्यांनी वेशीजवळच्या पाण्याच्या टाक्यावर हातपाय धुतले. रमजानचा महिना होता. तेवढ्यात एक म्हातारा मुसलमान ओरडत आला की यांनी टाके बाटवले. गर्दी जमली. हेच का तुमचा धर्म शिकवतो, असे बाबासाहेबांनी विचारले. शेवटी किल्ला पाहायला परवानगी मिळाली, पण आत पाण्याला हात लावायचा नाही या अटीवर, आणि त्यावर लक्ष ठेवायला बरोबर एक शिपाई दिला. पाणचक्कीपासून दौलताबाद काही फार लांब नाही. ज्या परंपरेने मुसाफिरासाठी डोंगरातले पाणी आणले, त्याच परंपरेत वाढलेल्या माणसांनी हे केले. मी मुसलमान आहे म्हणून पाणचक्कीचा अभिमान सांगायचा आणि दौलताबादचे टाके सोडून द्यायचे, हे मला जमणार नाही. दोन्ही माझ्या वारशात आहेत.

संत गाडगेबाबांना हे दुखणे पक्के कळले होते. पंढरपूरला विठ्ठलाच्या भेटीला आलेल्या अस्पृश्य वारकऱ्यांना उतरायला जागा मिळत नसे. बाबांनी त्यांच्यासाठी चोखामेळा धर्मशाळा बांधली आणि पुढे ती डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. नाशिक, आळंदी, पंढरपूर, मुंबई, जिथे गोरगरीब अडकून पडतात तिथे त्यांच्या धर्मशाळा उभ्या राहिल्या. मुंबईत क्रॉफर्ड मार्केटजवळ हाजी साबू सिद्दीक मुसाफिरखाना आहे. १९९५ पर्यंत मुंबईहून हजच्या बोटी सुटत. बोटीची वाट पाहणारे यात्रेकरू अशा मुसाफिरखान्यांत उतरत. वळकटी, शिदोरी आणि स्टोव्ह घेऊन आलेल्या माणसांचे ते दिवस होते.

पैसा आणि विसावा यांची गाठ खऱ्या अर्थाने रेल्वेने घातली. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी धावली. आमच्या भागात १९०० साली निजाम संस्थानातली हैदराबाद-मनमाड मीटरगेज लाइन आली. परतूर हे जांबेच्या लोकांचे जवळचे स्टेशन. रेल्वेने जात न विचारता तिकीट दिले, हे तिचे उपकार मान्य केलेच पाहिजेत. पण तिने वर्ग विचारला. पहिल्या-दुसऱ्या वर्गाच्या वेटिंग रूममध्ये आरामखुर्च्या, आरसा, न्हाणीघर. आणि तिसऱ्या वर्गाला छपराखालची फरशी. गांधीजींनी १९१७ साली मुंबईहून मद्रासला तिसऱ्या वर्गाने प्रवास केला आणि त्यावर लिहिले. त्यांचा हिशेब साधा होता. पहिल्या वर्गाचे भाडे तिसऱ्याच्या पाचपट आहे. मग तिसऱ्या वर्गाच्या प्रवाशाला निदान पहिल्या वर्गाच्या एक पंचमांश सुख तरी मिळते का? एक दशांश तरी?

हे असे का होते, याचे उत्तर एका फ्रेंच अभियंत्याने त्याआधीच देऊन ठेवले होते. त्याचे नाव ज्यूल द्युप्युई. १८४९ साली त्याने लिहिले की तिसऱ्या वर्गाच्या डब्यांना छप्पर घालायला असा काय खर्च येतो? छप्पर घालत नाहीत ते पैसे वाचवण्यासाठी नव्हे, तर ज्याला दुसऱ्या वर्गाचे भाडे परवडते त्याने तिसऱ्या वर्गात बसू नये म्हणून. गरिबाला त्रास देण्याचा हेतू नसतो, सधन माणसाला घाबरवण्याचा असतो. त्रास मात्र गरिबालाच होतो. विमानतळावरच्या मधे हात असलेल्या लोखंडी खुर्चीवर बसलो होतो तेव्हा मला हा द्युप्युई आठवला. ती खुर्ची तशी का असते याची कारणे अनेक असतील. पण ती जितकी टोचेल तितके काचेच्या दाराचे भाव वाढतात, एवढे खरे.

लाउंजचा स्वतःचा इतिहासही हेच सांगतो. १९३९ साली न्यूयॉर्कच्या लागार्डिया विमानतळावर अमेरिकन एअरलाइन्सने ‘अॅडमिरल्स क्लब’ उघडला. विमान कंपनीचा पहिला लाउंज म्हणून तो ओळखला जातो. तिथे पैसे देऊन जाता येत नसे. कंपनीने बोलावलेले मानाचे प्रवासीच जात. म्हणजे ‘तुम्ही कोण?’ हाच प्रश्न. पुढे हा भेदभाव आहे अशी तक्रार झाली आणि वर्गणी भरेल त्याला सभासदत्व मिळू लागले. ‘तुम्ही कोण?’च्या जागी ‘तुमच्याकडे किती?’ आले. १९९२ पासून वेगवेगळ्या कंपन्यांच्या लाउंजमध्ये चालणारी कार्डे निघाली आणि मग बँकांनी ती सोय आपल्या कार्डांबरोबर देऊ केली. दोन रुपयांत आत जाणाऱ्याचे बाकीचे पैसे बँक भरते आणि ते कार्डावरच्या शुल्कातून, व्याजातून, दुकानदाराच्या कमिशनमधून वसूल करते. सरदाराच्या जागी बँक आली, एवढेच. आपल्याकडे गर्दी इतकी वाढली की लाउंजच्या बाहेरच रांगा लागू लागल्या. मग २०२४ पासून अनेक बँकांनी अट घातली की मागच्या तीन महिन्यांत अमुक इतका खर्च केला असेल तरच प्रवेश. आता विचारतात, ‘तुम्ही खर्च किती केलात?’

आता आमच्या चौदाशे रुपयांचे सांगतो. आम्ही पैसे भरले आणि आत गेलो. इडली होती, पुलाव होता, चहाचे यंत्र होते. खाणे बरे होते, पैसे वसूल होण्यासारखे नव्हते. मोरी स्वच्छ होती. पत्नी कोपऱ्यातल्या सोफ्यावर पाय वर घेऊन दोन तास गाढ झोपली. तिच्या त्या झोपेचे मी चौदाशे रुपये दिले, आणि ते मला जास्त वाटले नाहीत. म्हणून विचाराल तर माझे मत असे आहे. थांबायचे दोन तासांपेक्षा कमी असेल, अंगात ताकद असेल, तर लाउंजसाठी खिशातले पैसे घालू नका. घरून डबा न्या, पुस्तक न्या. कार्ड आहे म्हणून जात असाल तर खुशाल जा, पण त्या कार्डासाठी नको असलेला खर्च करू नका. बरोबर म्हातारे माणूस असेल, आजारी असेल, लहान मूल असेल आणि विमान लांबले असेल, तर पैसे द्या, आणि खाण्याचा हिशेब न मांडता विसाव्याचा मांडा.

पण हे माझ्या घरापुरते उत्तर झाले. आम्ही बाहेर आलो तेव्हा त्याच विमानाची वाट पाहणारी, उमऱ्याहून परतलेली काही वयस्कर मंडळी भिंतीकडेला चादर अंथरून बसली होती. गुडघे त्यांचेही दुखतच असणार. तेव्हा दुसरा प्रश्न उरतोच. ज्याच्याकडे चौदाशे नाहीत त्याचे काय?

मला लाउंज असण्याबद्दल तक्रार नाही. कोणाला मऊ सोफा आणि पुलाव हवा असेल तर त्याने पैसे देऊन घ्यावा. त्या दारात जात विचारत नाहीत, धर्म विचारत नाहीत, आणि मसूरच्या स्टेशनवर दुप्पट भाडे देऊनही पाणी न मिळालेल्या मुलांच्या देशात ही लहान गोष्ट नाही. पण पाठ टेकता येईल अशी खुर्ची, स्वच्छ मोरी, प्यायचे पाणी आणि परवडणारा चहा ही चैन नव्हे. हे काचेच्या दाराबाहेर सर्वांना मिळाले पाहिजे. ते अशक्यही नाही. डिसेंबर २०२४ मध्ये कोलकात्याच्या विमानतळावर ‘उडान यात्री कॅफे’ सुरू झाला आणि तिथे चहा दहा रुपयांना, पाणी दहा रुपयांना मिळू लागले. पुढे आणखी काही विमानतळांवर तशी सोय झाली. दहा रुपयांचा चहा देता येतो, तर नीट बसता येईल अशी खुर्चीही देता येईल.

जुन्या धर्मशाळा आणि सराया पैसे मागत नसत, पण तुम्ही कोण ते विचारत. नव्या खोल्या तुम्ही कोण ते विचारत नाहीत, पण पैसे मागतात. थकलेल्या माणसाला आधी बसू द्यावे आणि विचारायचे ते मग विचारावे, अशी जागा आपल्याकडे कमीच झाली. ती बांधायला बुखाऱ्याहून कोणी येणार नाही, गाडगेबाबाही आता येणार नाहीत. विमानतळ, स्टेशने आणि एस.टी. स्थानके आपल्याच पैशाने बांधलेली आहेत. तिथे ही मागणी आपणच केली पाहिजे.

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)